छैौ

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मागच्या उन्हाळ्यात एक कागद लागला. गुरुवारी टाकी धुणार, सकाळी नऊ ते दुपारी दोन पाणी येणार नाही, आदल्या दिवशी भरून ठेवा. खाली 'आपली, सचिव'. आणि त्याच्याही खाली, वेगळ्या ओळीवर, एकटंच: 'छैौ'.

सचिव मीच. घाईघाईत मजकूर टाइप केला, प्रिंट काढला आणि न वाचता वॉचमनच्या हातात दिला. संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. "अगं, ते छैौ कोण? टाकीवाला का?" मी म्हटलं, काहीतरी चुकून पडलं असेल. वर गेले, कुकर लावला, आणि कोथिंबीर निवडता निवडता उलगडा झाला तेव्हा एकटीच हसत सुटले.

मी प्रोग्रामर. विम नावाच्या एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे टाइप करतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, काम जतन करून बाहेर पडायचं तर कोलन, डब्ल्यू, क्यू या तीन कळा दाबून एंटर मारायचा. पंचवीस वर्षं रोज हेच केल्यावर मजकूर संपला की बोटं आपोआप तिकडे जातात, मग समोर विम असो की वर्ड. त्या दिवशी कीबोर्ड मराठीवर होता, इनस्क्रिप्ट नावाच्या मांडणीवर. इनस्क्रिप्टमध्ये कोलनच्या कळेवर छ आहे, डब्ल्यूवर ऐकाराच्या दोन मात्रा आणि क्यूवर औकार. माझ्या बोटांनी फाइल रीतसर बंद केली होती. मराठीत.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर दोन-तीन महिन्यांनी तो विचारतो, "मावशी, लँग्वेज कुठली धरू? आणि एडिटर कुठला?" 'धरू' हा त्याचाच शब्द. स्वारगेटला उभं राहून कुठली एसटी धरू विचारावं तसा. मी त्याला दरवेळी काहीतरी सांगते, आणि फोन ठेवल्यावर मनात येतं, आपण स्वतः यातलं काय धरलं होतं? आजवर प्रोग्रामिंगच्या डझनभर भाषांमध्ये पोटापाण्यासाठी लिहिलं. त्यातल्या निवडल्या किती, हे मोजायला बसले तर एका हाताचं एक बोटही धड भरत नाही.

पहिली नोकरी १९९८ साली सांगलीत. एका पतसंस्थेचं काम करणाऱ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. डिप्लोमाला टर्बो सी शिकले होते, तो बोर्लंडचा निळा पडदा, कंट्रोल एफ-नाइन मारलं की प्रोग्राम चालायचा आणि आल्ट एफ-फाइव्ह मारलं की त्याने काय दिवे लावले ते दिसायचं. ऑफिसात गेल्यावर साहेबांनी विचारलं, "फॉक्सप्रो येतं?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "येईल." झाली निवड. पतसंस्थेचं सगळं खातं फॉक्सप्रोमध्ये होतं, म्हणून मी फॉक्सप्रोमध्ये.

आणि खरं सांगायचं तर त्या कामाला त्याहून बरी भाषा मला अजून भेटलेली नाही. डेटा आणि भाषा एकाच घरात राहायचे. ब्राउज म्हटलं की सगळे खातेदार समोर उभे. हुकमांची पहिली चार अक्षरं लिहिली तरी चालायचं, त्यामुळे 'मॉडिफाय कमांड' असं पूर्ण कुणी लिहीत नसे, फक्त 'मोडि कॉम'. तेवढं लिहिलं की आतच एडिटर उघडायचा. आमच्या ऑफिसात एडिटरचं नावच मोडी पडलं होतं. "मोडीत टाक", "मोडीत बघ", "मोडीत चूक आहे". पतसंस्थेचे जुने चिटणीस एकदा आम्हाला भेटायला आले तेव्हा हे ऐकून हरखले. त्यांच्या वडिलांना खरी मोडी यायची. त्यांना वाटलं, ही पोरं दप्तर वाचायला शिकली.

वेगळा एडिटर असतो, तो निवडायचा असतो, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. विहिरीवर गेलं की जो रहाट असेल तो ओढायचा.

माझी पहिली मोठी चूक याच रहाटावर झाली. १९९९ च्या ऑगस्टमध्ये मुदत ठेवींचा नवा फॉर्म मी केला. त्यात पावतीवरून परिपक्वतेची तारीख टाइप करायची सोय होती. तारीख ब्रिटिश पद्धतीची ठेवली, दिवस आधी, महिना नंतर, पण 'सेट सेंच्युरी ऑन', म्हणजे साल चार आकडी घे, हे लिहायचं राहिलं. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमध्ये तारीख चार आकडी सालासकट साठवली जाते, त्यामुळे फाइल बिचारी निर्दोष. पण पडद्यावर दोनच आकडे घातले की फॉक्सप्रो त्याच्यापुढे स्वतःहून १९ लावणार. एका पेन्शनर आजोबांची दोन वर्षांची ठेव, १ ऑगस्ट १९९९ ची. क्लार्कने परिपक्वतेच्या रकान्यात ०१/०८/०१ घातलं. मशीनने १९०१ समजून मुदत काढली: वजा ३५,७९४ दिवस. व्याजही अर्थातच वजा. छापील तक्त्याप्रमाणे आजोबाच संस्थेला देणं लागत होते, आणि रक्कम मुद्दलापेक्षा कितीतरी मोठी. मॅनेजरसाहेब तो तक्ता घेऊन आमच्याकडे आले ते रागावून नव्हे, घाबरून. आजोबांना मात्र कुणी काही सांगितलं नाही. मी पुढची तीन वर्षं जिथे तारीख दिसेल तिथे आधी साल मोजायचे.

२००० साली पुण्यात आले. इथे विम भेटला, खरं म्हणजे त्याचा बाप, व्हीआय. ग्राहकाचं सोलारिस मशीन अमेरिकेत, आमची लाइन पन्नास जणांत वाटलेली. कळ दाबायची आणि अक्षर उमटेपर्यंत थांबायचं. खिडक्या, मेन्यू, माउस यांतलं काही त्या लाइनवरून पोचण्यासारखं नव्हतं. मशीनवर एडिटर म्हणून होता तो व्हीआय. पहिल्या दिवशी मी त्यात शिरले आणि बाहेर पडता येईना. शेजारच्या मुलाने माझ्या खांद्यावरून हात घालून तीन कळा दाबल्या. एक शब्द बोलला नाही. त्यालाही कुणीतरी असंच बाहेर काढलं असणार.

हा एडिटर असा तुसडा का, हे पुष्कळ नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा राग गेला. बिल जॉय याने तो १९७६ साली बर्कलेत लिहायला घेतला. घरी त्याच्याकडे ३०० बॉडचं मोडेम होतं. म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळींचा पडदा भरायला मिनिटाहून जास्त. अशा माणसाने लिहिलेला एडिटर बडबड्या असूच शकत नाही. म्हणून हुकूम एकेका अक्षराचे. कर्सर डावीकडे-खाली-वर-उजवीकडे न्यायला एच, जे, के, एल या कळा का, तर त्याच्या एडीएम-थ्रीए टर्मिनलवर बाण त्याच चार कळांवर छापलेले होते. एस्केपची कळही आज जिथे टॅब असते तिथे होती, करंगळीच्या सहज आवाक्यात. आपण आज ती गाठायला कोपऱ्यापर्यंत हात लांबवतो आणि म्हणतो, व्हीआय गैरसोयीचा आहे. पाटा एकाच्या उंचीने बसवलेला, वरवंटा दुसऱ्याच्या हातात.

त्याच्या संथ मोडेमने ठरवलेली गोष्ट माझ्या संथ लाइनला बरोबर बसली. चोवीस वर्षांनी, अर्ध्या पृथ्वीवर. निवड म्हणायची तर ती त्या दोन तारांची.

विम हा व्हीआयचा पुढचा अवतार. ब्रॅम मोलेनार या डच माणसाने १९९१ साली तो पहिल्यांदा लोकांना दिला. रिकामा विम उघडला की सुरुवातीच्या पडद्यावर एक ओळ असते, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. मोलेनार तिथल्या किबाले गावी पाणी आणि स्वच्छतेचं काम करायला राहिला होता, तेव्हापासून तो विम वापरणाऱ्यांकडे त्या मुलांसाठी पैसे मागत राहिला. ती ओळ मी हजारो वेळा पाहिली आणि पुढे गेले. ३ ऑगस्ट २०२३ ला तो गेला, त्या आठवड्यात पहिल्यांदा थांबून थोडे पैसे पाठवले. उशीर म्हणजे किती, त्याची गणितं मला येतात.

इमॅक्स हा व्हीआयचा जुना प्रतिस्पर्धी एडिटर. इमॅक्सवाल्यांबद्दल एक परिच्छेद लिहायला हवा म्हणून लिहिते. आमच्या टीममध्ये एकच होता. त्याचा पत्रव्यवहार, डायरी, हिशेब, सगळं इमॅक्समध्ये चालायचं आणि डाव्या करंगळीला कायम बँडेज. भला माणूस. वाद घालायला बसला की डबा थंड व्हायचा.

मग पर्ल ही भाषा आली. तीही अंगावर. एकजण नोकरी सोडून कॅनडाला गेला आणि त्याच्या तेराशे ओळींची पर्लची फाइल माझ्या नावावर चढली. लॉग वाचून रोजचा अहवाल काढणारी. डॉलर, ॲट, टक्के, तिरप्या रेघा, नुसती रांगोळी. दोन महिन्यांनी मला ती वाचता यायला लागली, सहा महिन्यांनी मी तसंच लिहायला लागले आणि वर्षाने मी स्वतः लिहिलेलं मला वाचता येईना. त्यानंतर जावा ही भाषा, एक्लिप्स हा एडिटर, मोठा प्रकल्प, मोठी टीम. त्या सात वर्षांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की पगार वेळेवर झाला आणि एक्लिप्स उघडेपर्यंत चहा व्हायचा.

मराठी या सगळ्यात कुठेच नव्हती. डब्यात होती, जिन्यात होती, मॅनेजरला नावं ठेवताना होती. कोडमध्ये नव्हती. माझ्या मशीनला मराठी येते की नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

विचारायची वेळ आली ती एका मासिकामुळे. नाव सांगत नाही, चारशे-साडेचारशे प्रती निघतात, त्यातल्या पाव भेट म्हणून जातात. १९९६ पासूनचे अंक पेजमेकरच्या फाइलींमध्ये पडून होते. संपादकबाई माझ्या शाळेतल्या बाईंच्या मैत्रीण. त्यांना ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हवं होतं, शोधता येईल असं. "तू कॉम्प्युटरमधली आहेस ना, दोन दिवसांचं काम असेल," त्या म्हणाल्या. दोन वर्षं पुरलं.

युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटांची गंमत अशी की ते मराठी नसतातच. मशीनच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि वरची चिन्हं असतात. फाँट त्यांना मराठी कपडे घालतो. एखाद्या कळेवर अर्धा स, दुसऱ्या कळेवर पहिली वेलांटी, तिसरीवर रफार. ऑपरेटर डोळ्याला दिसेल त्या क्रमाने ठोकत जातो. 'परिस्थिती' लिहिताना 'स्थि'ची वेलांटी आधी, कारण ती डावीकडे दिसते, मग अर्धा स, मग थ. युनिकोडला मात्र उच्चाराचा क्रम हवा. आधी स, हलन्त, थ, आणि वेलांटी सगळ्यांत शेवटी. म्हणजे प्रत्येक पहिल्या वेलांटीला उचलून पुढे न्यायचं. कुठवर? पुढच्या एका चिन्हापर्यंत नेलं तर ती अर्ध्या सलाच चिकटते आणि 'परिस्िथती' होते. 'व्यक्ितमत्त्व', 'अस्ितत्व'. नेटवर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे. आपण त्याला टायपिंगची चूक समजतो. टाइप करणाऱ्याने बरोबरच केलेलं असतं. नंतर कुणीतरी माझ्यासारखीने वेलांटीला अर्ध्या वाटेत सोडून दिलेलं असतं.

रफाराचं उलटं. 'कीर्ती'त तो डोळ्याला शेवटी, 'ती'च्या वर दिसतो, म्हणून शेवटी टाइप होतो. युनिकोडमध्ये त्याला मागे नेऊन तच्या आधी बसवायचं, वाटेतली वेलांटी ओलांडून.

हे काम कशात लिहायचं? ऑफिसचं नव्हतं, कुणी सांगणारं नव्हतं, कुणाची जुनी फाइल गळ्यात नव्हती. पहिल्यांदाच मला खरोखर निवडायचं होतं.

मी एक परीक्षा घेतली. 'ज्ञानेश्वर' हा शब्द घेतला आणि प्रत्येक भाषेला विचारलं, याची लांबी किती? गो म्हणाली ३०. तिने बाइट मोजले, युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. पायथनची नवी आवृत्ती, जावा, जावास्क्रिप्ट म्हणाल्या १०. त्यांनी ज, हलन्त, ञ, काना असे सुटे भाग मोजले. पर्ल म्हणाली, तू मला कसं सांगतेस त्यावर आहे, ३० किंवा १०. आईला विचारलं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "चार. ज्ञा, ने, श्व, र. का गं?"

चार हे उत्तर मशीनच्या जगात अगदी अलीकडे आलं. जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचं, क् आणि ष यांच्यामध्ये तोडायचं नाही, असा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत आला, २०२३ साली. त्याआधीच्या नियमाने ज्ञानेश्वराचे सहा तुकडे होत. आणि हा प्रश्न पुस्तकी नाही. कुठल्यातरी फॉर्मवर नावाला वीस बाइटची जागा ठेवली की 'ज्ञाने' एवढंच उरतं आणि पुढे एक प्रश्नचिन्हाची चौकट. तशी छापील ओळखपत्रं मी पाहिली आहेत.

पुढची परीक्षा शब्द वेगळे करण्याची. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुरात नमुने शोधायची सांकेतिक भाषा, तिच्यात 'शब्दातलं अक्षर' यासाठी एक ठरलेली खूण असते. पायथनच्या सोबत येणाऱ्या 'रे' मॉड्युलला मी ती देऊन म्हटलं, या वाक्यातले शब्द काढ. त्याच्या मते काना, वेलांट्या, हलन्त ही अक्षरं नव्हेत. 'मराठी'चे दोन तुकडे हातात आले, 'मर' आणि 'ठ'. मी ते बराच वेळ बघत बसले. जिला आयुष्यभर नावं ठेवली त्या पर्लने मात्र हीच खूण देऊन 'मराठी' अख्खी काढून दिली. तिला मात्रा शब्दाचा भाग वाटतात. तिचा कर्ता लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेला आहे, त्याचा इथे संबंध असो नसो, मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

आणि तरी पायथनच घेतली. कारण सांगायला थोडं लाजिरवाणं आहे. मला माझी पर्ल माहीत होती. हे काम मासिकाचं, मी गेल्यावर कुणीतरी उघडणार, बहुधा कुणी कॉलेजचा मुलगा, सुट्टीत, फुकट. त्याला रांगोळी वाचायला लावायची नव्हती. पायथनला वेगळं 'रेजेक्स' नावाचं मॉड्युल जोडलं की तिलाही मराठी एकसंध दिसते. चुकणारी पण वाचता येणारी भाषा घेतली आणि तिची चूक कुबडी लावून सांभाळली.

पायथनशी जुनी ओळखही होती, फार गोड नव्हे. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत मराठी ओळ आली की एक ठराविक शिवी यायची, आस्कीला, म्हणजे इंग्रजीपुरत्या जुन्या संकेताला, हे बाइट उलगडत नाही, आणि बाइटचं नाव प्रत्येक वेळी तेच, ई-शून्य. आधी वाटायचं माझ्या फाइलमध्ये काहीतरी बिघाड आहे. मग कळलं, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या अ पासून ज्ञ पर्यंत प्रत्येक चिन्हाचं पहिलं बाइट ई-शून्यच असतं. बिघाड नव्हता, ती आपली ओळख होती. तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली, दुसरीचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. मधली अकरा वर्षं लोक कुरकुरत राहिले, कशासाठी हे सगळं मोडलं म्हणून. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

एडिटरचं मात्र मन घट्ट करावं लागलं. टर्मिनलमधला विम मराठी दाखवतो म्हणजे काय करतो, तर प्रत्येक चिन्हाला चौकोनी खोली देऊ पाहतो. इंग्रजी त्यात नीट राहते. 'ज्ञानेश्वर' राहत नाही. मात्रा शेजारच्या खोलीत, हलन्ताचा पाय उघडा, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. वेलांटी बरोबर बसली की नाही हेच तपासायचं काम, आणि पडदाच वेलांटी चुकीची दाखवतोय. शेवटी व्हीएस कोड घेतला, २०१५ साली मायक्रोसॉफ्टने आणलेला. तो आतून ब्राउझरच आहे, म्हणून लठ्ठ, माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो. पण ब्राउझर असल्यामुळेच त्याला जोडाक्षरं येतात. शुद्ध मराठी दिसावी म्हणून मी पंचवीस वर्षांच्या संसारातून बाहेर पडले, आणि नव्या घरात पहिल्याच दिवशी विमच्या कळांचं एक्स्टेन्शन बसवून घेतलं. माहेरचं लोणचं बरोबर नेतात तसं.

कीबोर्ड मराठीवर असताना एच-जे-के-एल दाबलं की तिथे 'परकत' असं जातं आणि काहीच हलत नाही. दिवसातून दहा वेळा मी परकत करते.

आता काकांबद्दल. ते मासिकाचे ऑपरेटर, पहिल्या अंकापासून. सदाशिव पेठेत एका वाड्याच्या मागच्या खोलीत त्यांचं डीटीपी. कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसली गेलेली, त्यांना लागतही नाहीत. माझा प्रोग्राम एका तक्त्यावर चालायचा होता, जुन्या फाँटातलं कुठलं चिन्ह म्हणजे मराठीतलं काय. तो मी आधी पायथनमध्येच लिहिला, दोनशेच्या वर ओळी. काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "यात मला काही कळत नाही ताई. पण ही तिसरी ओळ चूक आहे." ती चूक होतीच. जे मी फाइली उघडून, तुलना करून चार दिवसांत शोधलं होतं ते त्यांच्या बोटांत होतं.

मग तक्ता उचलून साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवला. एका रकान्यात जुनं चिन्ह, दुसऱ्यात नवं. पायथन तो तक्ता वाचेल आणि चालेल. काकांनी दोन दिवसांत एकतीस दुरुस्त्या केल्या आणि न सांगता तिसरा रकाना जोडला, 'शेरा'. 'हे फक्त शीर्षकात.' 'हे चिन्ह जुन्या आवृत्तीत नव्हते.' 'हे माझ्या हातून नेहमी दोनदा पडते, एकच धरावे.'

सगळ्यात वाईट अनुभव आला तो अर्ध्या रचा, दऱ्या आणि तऱ्हा यांतला जो चंद्रकोरीसारखा दिसतो त्याचा. हा र आपल्याला लागतोच. आचार्यांना नमस्कार करणं आणि आचाऱ्यांना करणं यांत स्वयंपाकघराएवढं अंतर आहे. जुन्या काही अंकांत काकांनी त्यासाठी चक्क संयोगचिन्हाची आडवी रेघ वापरली होती. 'दुस-या', 'पुढा-यांनी', 'क-हाड'. छापल्यावर बरी दिसायची. मी नियम केला: य किंवा ह च्या आधी रेघ आली की तिचा ऱ् करायचा. एक ओळ. चालवली, पहिले पाच-सहा लेख पाहिले, 'कऱ्हाड' बघून खूश झाले आणि अख्ख्या आठ वर्षांच्या अंकांवर ती फिरवून संपादकबाईंना पाठवून दिले.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, तेव्हाच ओळखायला हवं होतं. "अगं, या कथेत तो म्हातारा 'हळूऱ्हळू' चालतोय."

हळूऱ्हळू. हसतऱ्हसत. येताऱ्येता. एका प्रेमकथेच्या शेवटी नायिका 'हसतऱ्हसत' निघून गेली होती आणि लेखिका हयात होत्या. गो, रस्ट, पर्ल, कशातही लिहिलं असतं तरी ती तशीच गेली असती, रस्टमध्ये जरा वेगाने.

मी काकांकडे गेले. त्यांनी छापून आणलेली यादी वरून खाली पाहिली, पेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केल्या. "ताई, रेघेच्या दोन्ही अंगांना तोच शब्द असेल तर रेघ आहे. नसेल तर र." मी म्हटलं, काका, नेहमी? "नेहमी नाही. पण बाकीचे मी डोळ्याने बघतो. किती असतील?"

त्यांचा नियम रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये एका कंसात आणि मागच्या संदर्भाच्या एका आकड्यात बसतो. भाच्याला मी तो दाखवला. तो त्याच्या एडिटरला नुसतं सांगतो आणि एडिटर कोड लिहून देतो. त्याने माझाच पहिला प्रश्न टाइप केला. एडिटरने झरझर तोच नियम लिहून दिला, य किंवा ह च्या आधी रेघ. म्हातारा पुन्हा हळूऱ्हळू चालायला लागला. भाचा म्हणाला, "मावशी, त्याला कसं कळणार?" मग थोड्या वेळाने, "काकांचा नंबर दे ना."

डोळ्याने बघायचे निघाले त्रेचाळीस. ते वेगळ्या पानावर काढून काकांना दिले. दर शनिवारी त्यातले थोडे भरून येतात. 'रेघ.' 'र.' 'र, पण मूळ लेखकाने चुकीचे लिहिले होते, तसेच ठेवावे.' माणदेशातल्या एका कवीच्या ओळीत एक शब्द आहे, रेघ धरली तर एक अर्थ होतो, र धरला तर दुसरा, आणि दोन्ही मला नीटसे लागत नाहीत. त्याच्यापुढचा रकाना बरेच दिवस रिकामा होता. काल उघडला तेव्हा शेरा आलेला दिसला:

'कवींच्या सूनबाईंना फोन केला. वही माळ्यावर आहे, काढून सांगते म्हणाल्या.'